तो स्वतः जेवतो का? एका दिव्यांग प्रमाणपत्राचा प्रकरण अभ्यास

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात सहा वर्षांच्या एका मुलाची तपासणी झाली आणि जूनमध्ये २५ टक्के बौद्धिक दिव्यांगत्वाचा दाखला हातात आला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या रुग्णालयात त्याच मुलाचे ५० टक्के ठरले. मधल्या आठ महिन्यांत मुलाचं काही बिघडलं नव्हतं, उलट तो चार-पाच नवे शब्द बोलायला लागला होता. बदलली होती ती त्याच्या आईची उत्तरं. आणि पहिल्या वेळी ती उत्तरं तशी आली, यात आमच्या केंद्राचा, म्हणजे माझाच, बराच वाटा होता. हे प्रकरण लिहून ठेवण्याचं खरं कारण तेच.

मी अशा मुलांच्या एका केंद्रात विशेष शिक्षिका आहे. मुलाला इथे पिल्लू म्हणते, घरात त्याला तेच म्हणतात. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

घर आणि मूल

कुटुंब दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहतं. वडील मार्केट यार्डात भाड्याचा टेम्पो चालवतात, आई सहकारनगरात तीन घरी पोळ्या करते. आजी घरात असते. गाव करमाळा तालुक्यात. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटला, तेव्हा पिल्लूच्या आईला दुसरा महिना होता. घरात छातीएवढं पाणी शिरलं, रेशनकार्ड आणि तिचा शाळा सोडल्याचा दाखला वाहून गेला. रेशनकार्ड नंतर नवीन मिळालं, पण त्यावरची तारीखही नवीन. सरकारी कामात या कुटुंबाचं पुण्यातलं आयुष्य त्या तारखेपासून सुरू होतं. हा मुद्दा पुढे दर खिडकीवर आडवा आला.

पिल्लूचा जन्म एप्रिल २०१९ चा. जन्मला तेव्हा लगेच रडला नाही, दहा दिवस काचेच्या पेटीत होता. मान सहाव्या महिन्यात धरली, बसला दीड वर्षाचा झाल्यावर, चालला अडीच वर्षांनी. अंगणवाडीतल्या तपासणीत ताईंनी पुढे पाठवलं आणि साडेतीन वर्षांचा असताना तो आमच्याकडे आला. पाच वर्षांपर्यंत अशा मुलांचं निदान ‘विकासातील सर्वांगीण विलंब’ असं लिहितात. त्यानंतर, अडचण तशीच राहिली तर, ‘बौद्धिक दिव्यांगत्व’. दाखल्यासाठी आम्ही घाई केली नव्हती, कारण आई-वडिलांना ‘अपंगाचा दाखला’ हे शब्दच नको होते. वडिलांचं म्हणणं होतं, एकदा शिक्का बसला की पुसला जात नाही. पहिलीच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा ते तयार झाले.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरला. जून २०२१ पासून देशभर दाखला याच मार्गाने निघतो आणि सोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एका काना-मात्रेने जुळत नव्हतं, त्यात तीन आठवडे गेले. तो भाग इथे लांबवत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

पहिली तपासणी

त्या दिवशी मी सोबत नव्हते. पुढचं सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं आणि रिपोर्टवरून लावलेलं आहे.

सकाळी सातला ते रांगेत बसले, साडेबाराला नंबर लागला. आईने पिल्लूला नवा शर्ट घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता. सायकॉलॉजिस्टने आधी त्याच्यापुढे लाकडी आकारांचा बोर्ड ठेवला. दहा आकार, दहा खाचा. पिल्लूने तो झटपट लावला. लावणारच, आमच्या केंद्रात तसाच बोर्ड आहे आणि दोन वर्षं तो रोज त्याच्याशी खेळतोय. मग आईला प्रश्न विचारले.

‘स्वतः जेवतो का?’ ‘हो, जेवतो की.’
‘कपडे घालतो?’ ‘घालतो.’
‘संडासला सांगतो?’ ‘सांगतो.’
‘काय झालं ते येऊन सांगतो का?’ ‘सगळं सांगतो, मॅडम. त्याचं त्याचं सांगतो, मला कळतं.’
‘आजूबाजूला एकटा जातो?’ ‘जातो, सगळे ओळखतात त्याला.’

दहा मिनिटांत संपलं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

हे प्रश्न म्हणजे व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता मापनी. आपल्याकडे वापरतात ते तिचं भारतीय रूप नागपूरच्या मालिन यांनी केलेलं. तिच्यात ८९ बाबी आहेत: खाणं, कपडे, बोलणं, फिरणं, इतरांत मिसळणं, स्वतःचं स्वतः ठरवणं. मुलाला करून दाखवायला सांगत नाहीत, त्याला जवळून ओळखणाऱ्याला विचारतात. प्रत्येक बाब मोजताना निकष एकच असतो: मूल ते सवयीने, रोज, कुणी मदत न करता करतं का. घाईच्या ओपीडीत प्रश्न मात्र ‘करतो का’ एवढाच उरतो, आणि आईला त्यामागचा निकष कुणी सांगत नाही.

उत्तरांवरून मुलाचं सामाजिक वय निघतं. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणलं की सामाजिक गुणांक, म्हणजे एसक्यू. पिल्लूचं सामाजिक वय ५४ महिने निघालं, खरं वय ७२ महिने. एसक्यू ७५.

बौद्धिक दिव्यांगत्वाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत एसक्यूवरून टक्केवारी ठरलेली आहे. ७० ते ८४ म्हणजे सीमारेषेवर, २५ टक्के. ५५ ते ६९ सौम्य, ५० टक्के. ३६ ते ५४ मध्यम, ७५ टक्के. त्याखाली ९० आणि १००. म्हणजे ही सरळ चढण नाही, पायऱ्या आहेत, आणि पंचवीसनंतरची पायरी थेट पन्नासची. बहुतेक सवलतींसाठी कायद्याला लागतात ते ४० टक्के कुठल्याच पायरीवर नाहीत. ६९ आणि ७० मध्ये एका गुणाचा फरक, पण एका बाजूला पिवळ्या पट्टीचं कार्ड आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या पट्टीचं. पांढरं कार्ड ४० टक्क्यांखालच्यांना देतात. ते पाकिटात ठेवता येतं, त्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग होत नाही.

चूक कुठे झाली

दाखल्यावर तारीख होती २ जून. आईने तो माझ्यासमोर ठेवला ११ ऑगस्टला. मधले दोन महिने घरात एक विचित्र आनंद होता. आजीने वस्तीत सांगितलं होतं, ‘डाक्टर म्हणले, पोरगं पाऊण बरं हाय.’ २५ टक्के म्हणजे ७५ टक्के ठीक, असा हिशेब. तो हिशेब चुकीचा आहे हे सांगण्याचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी नीट केलं असं म्हणवत नाही.

रिपोर्ट वाचताना मला आमचीच भाषा दिसत होती. दर महिन्याच्या पालकसभेत आम्ही एक नियम पाळतो: मुलाला काय येत नाही ते सांगायचं नाही, काय येतं ते सांगायचं. नव्याने येणारी आई रडत रडत ‘याला काहीच येत नाही’ म्हणते, तेव्हा तिला या सवयीचा आधार होतो. मूल भाताचा एक घास स्वतः तोंडात घालतं, आम्ही टाळ्या वाजवतो, आई वहीत लिहिते, ‘आज स्वतः जेवला.’ अडीच वर्षं पिल्लूच्या आईने हेच केलं होतं. तपासणीत तिला विचारलं तेव्हा तिने टाळ्यांचं उत्तर दिलं. आमच्यापैकी कुणीही तिला सांगितलं नव्हतं की त्या खोलीत प्रश्न वेगळा असतो.

शिवाय नवा शर्ट आणि तेल लावलेले केस. कुठली आई परक्या माणसांसमोर आपलं लेकरू गबाळं नेईल?

वही

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५९ नुसार दाखल्याविरुद्ध अपील करता येतं, आणि नियमांप्रमाणे त्यासाठी ९० दिवस असतात. अल्पवयीन मुलाच्या वतीने पालक करू शकतात. २ जूनपासून नव्वदावा दिवस ३१ ऑगस्ट, म्हणजे रविवार. मध्ये गणपती. हातात होते जेमतेम दोन आठवडे.

मी आईला दोनशे पानी वही दिली. डाव्या पानावर नेहमीसारखं, तो काय करतो. उजव्या पानावर, त्यासाठी दुसऱ्या कुणाला काय करावं लागतं. तिने वही बराच वेळ उघडलीच नाही. मग म्हणाली, ‘मॅडम, पोराचं वाईट लिहायचं व्हय?’

मी म्हटलं, ‘पोराचं नाही ताई, तुमचं लिहायचं. दिवसभरात तुम्ही आणि आजी काय काय करता ते.’

हे वाक्य मला आधीच सुचलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर तिने जे लिहिलं त्यातला थोडा भाग तिच्या परवानगीने देते. शुद्धलेखन माझं, मजकूर तिचा. त्यातल्या ‘आत्या’ म्हणजे पिल्लूची आजी.

डावीकडे: ‘सकाळी स्वतः जेवला.’ उजवीकडे: ‘पोळी चहात कुस्करून दिली. तुकडे दिले तर न चावता गिळतो, दोनदा ठसका लागला. आत्या शेजारी बसतात. उठून पळतो, धरून बसवावं लागतं. अर्धं खाली.’

डावीकडे: ‘शर्ट घातला.’ उजवीकडे: ‘पुढची बाजू वर करून पसरून दिला की हात घालतो. बटण नाही येत. चड्डी दोन्ही पाय एकात घालतो.’

डावीकडे: ‘संडासला सांगितलं.’ उजवीकडे: ‘झाल्यावर सांगतो. वस्तीचा संडास लांब, मी नेते. धुवावं लागतं. मी कामाला असले तर आत्या घरातच कागदावर बसवतात.’

डावीकडे: ‘बाहेर खेळला.’ उजवीकडे: ‘कालव्याकडे गेला. दुकानवाल्या काकांनी धरून आणला. या आठवड्यात तिसऱ्यांदा. पाण्याची भीती नाही त्याला.’

आणि एक पान, ज्याच्या डावीकडे काहीच नव्हतं: ‘हात भाजला. कसा भाजला सांगता आलं नाही. नुसता हात दाखवत होता. आत्यांना वाटलं खेळतोय.’

‘सगळं सांगतो’ या एप्रिलमधल्या उत्तराचं उजवं पान ते होतं. मापनीत ‘घडलेलं सांगणे’ ही तीन ते चार वर्षांच्या मुलाची बाब आहे. ‘साधे धोके टाळणे’ त्याच्याही आधीची, दोन ते तीन वर्षांची. ‘आजूबाजूला एकटं फिरणे’ चार ते पाच वर्षांची, पण त्याचा अर्थ पाठवलं तिथे जाऊन परत येणं असा आहे. वस्तीतल्या दहा माणसांच्या नजरेखाली भटकणं त्यात धरत नाहीत. वस्तीत अख्खी गल्ली मुलाला सांभाळते, म्हणून मूल स्वतंत्र आहे असं वाटतं. बंद फ्लॅटमधल्या आईला हा भ्रम होत नाही, कारण तिथे मदतीला दुसरं कुणी नसतंच.

एक शंका इथे येते आणि ती रास्त आहे: हे शिकवून पाठवणं नाही का? माझी मर्यादा मी अशी आखली. उत्तर काय द्यायचं ते सांगायचं नाही, प्रश्नाचा निकष सांगायचा. आईने एकदा विचारलं, ‘अजिबात बोलत नाही असं सांगू का?’ मी नाही म्हटलं. तो तीसेक शब्द बोलतो, तीस शब्द सांगायचे. वाढवून सांगितलेलं अनुभवी सायकॉलॉजिस्टला दोन प्रश्नांत कळतं आणि मग खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो.

अपील

अर्ज एका पानाचा ठेवला. वकिली भाषा टाळली. मुख्य भाग असा:

‘माझ्या मुलाच्या एप्रिल २०२५ मधील तपासणीत दैनंदिन कामांबद्दल मी दिलेली उत्तरे अपुरी होती. मुलगा एखादी गोष्ट मदतीने करतो की मदतीशिवाय, हे मी सांगितले नाही. तपासणीत वापरलेला आकारांचा बोर्ड तो दोन वर्षांपासून केंद्रात रोज हाताळत आहे, हेही मी सांगितले नव्हते. १५ दिवसांच्या नोंदी, केंद्राचा अहवाल आणि जन्मावेळची रुग्णालयाची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. फेरतपासणी व्हावी, ही विनंती.’

डॉक्टरांनी चूक केली असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. एक तर ते पूर्ण खरं नव्हतं, आणि दुसरं, अपील वाचणारेही डॉक्टरच असतात. २८ ऑगस्टला, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, वडिलांनी टेम्पो बाजूला लावून अर्ज दिला आणि पोच घेतली. पोचेवर शिक्का आणि तारीख घ्याच, हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं.

फेरतपासणी डिसेंबरात, दुसऱ्या रुग्णालयात झाली. या वेळी मी गेले, पण खोलीबाहेर थांबले. पिल्लू रोजच्या कपड्यांत होता. आईने वही पुढे केली तेव्हा सायकॉलॉजिस्टने ती आधी बाजूला ठेवली, स्वतःचे प्रश्न विचारले आणि मग वही चाळली. चाळीस मिनिटं लागली. वेगळा बोर्ड, वेगळी चित्रं. बाहेर येऊन आई म्हणाली, ‘प्रत्येकाला कसं, कसं, असं विचारत होत्या.’

सामाजिक वय ४८ महिने. खरं वय तोवर ८० महिने झालेलं. एसक्यू ६०. सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व, ५० टक्के. दाखल्यावर फेरतपासणीची नोंद आहे, दहा वर्षांचा झाल्यावर.

एप्रिलमध्ये साडेचार वर्षांचा आणि डिसेंबरमध्ये चार वर्षांचा. आजीने रिपोर्ट वाचून घेतला आणि विचारलं, ‘मागं गेलं व्हय लेकरू?’ आई तिला समजावत बसली. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. ज्या कागदासाठी चार महिने धावपळ केली तो मिळाल्याच्या दिवशी घर असं असतं, हे अर्ज भरून देणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. आम्ही पेढे मागतो.

पन्नास टक्क्यांनंतर

पिवळ्या पट्टीच्या कार्डावर पीएमपी बसचा मोफत पास निघाला. एसटीला ७५ टक्के सवलत आहे, त्यामुळे करमाळ्याला जाणं स्वस्त झालं. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत नाव घातलं: वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा, आधीचा आजार म्हणून नकार नाही, थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. रेशनकार्ड केशरी असल्याने ५०० रुपये भरले, पिवळं असतं तर २५०. पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं पाठवायची, म्हणून आई आता औषधाची चिठ्ठीसुद्धा टाकत नाही. पालिकांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो, त्यातून पुणे महापालिकेचा समाज विकास विभाग योजना राबवतो. तिथला अर्ज तयार करून ठेवला आहे. जवळच्या मनपा शाळेत नाव घातलं. नोकरदार पालकांसाठी जाता जाता: दिव्यांग मुलावरच्या खर्चासाठी आयकरात ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट आहे, पण फक्त जुन्या करप्रणालीत.

वडिलांना सगळ्यात जास्त आशा ज्याची होती ते मात्र मिळालं नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना १,५०० वरून २,५०० रुपये झाली. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला ५०,०००. महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. टेम्पो आणि पोळ्या मिळून या घरात महिन्याला बावीस हजार येतात, त्यातले सहा खोलीभाड्याला जातात. पुण्यात दोन हातांनी काम करणारं कुठलं कुटुंब या मर्यादेत बसतं, मला खरंच प्रश्न आहे. कायद्याचं कलम २४ म्हणतं की दिव्यांगांना अशा योजनांत इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त द्यावं. रक्कम वाढली हे चांगलंच, पण दार तेवढंच अरुंद राहिलं.

तहसील कार्यालयाबाहेर एकाने वडिलांना ४८,००० चा उत्पन्नाचा दाखला काढून देतो म्हणून सांगितलं. दोन हजारांत. वडील तयार होते. वस्तीतल्या तिघांनी तसाच काढलाय, असं ते म्हणाले, आणि ते खरंही असेल. आईने नको म्हटलं. कारण काही दिलं नाही. माझ्याकडे दोघांनी पाहिलं तेव्हा मी फक्त एवढंच सांगितलं की खोटा दाखला सापडला तर आधी घेतलेले पैसे परत करावे लागू शकतात. आईची बाजू घ्यायला हवी होती असं नंतर वाटलं. पण महिन्याचे अडीच हजार माझ्या घरातून जात नव्हते. तो अर्ज भरलेला नाही. फॉर्म फाइलमध्ये आहे.

केंद्रात आम्ही एक बदल केला. पालकसभेच्या वह्यांना आता दोन पानं असतात, आणि दाखल्याला जाणाऱ्या प्रत्येक घराला ‘करतो का’ आणि ‘कसं करतो’ यातला फरक आधी समजावून सांगतो. लाकडी बोर्ड कपाटात ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात पिल्लूची आई लवकर आली. वही हातातच होती. म्हणाली, ‘मॅडम, बूट घालायला लागलाय स्वतः. लिहू का नको? दहाव्या वर्षी परत बघणारेत ना.’

मी म्हटलं, लिहा. तिने भिंतीला टेकून लिहिलं. डावीकडे, ‘बूट घातले.’ मग थोडा विचार करून उजवीकडे, ‘वेल्क्रोचे. उजवा कुठला ते सांगावं लागतं.’